आधी आपलं कपाट उघडा



समारोपाच्या अध्यक्षानं सगळ्यांचे आभार मानावेत, दोन कौतुकाचे शब्द बोलावेत आणि खाली बसावं, अशी आपल्याकडची रीत आहे. आभार मी मनापासून मानतो. यहुदी इतिहास आणि संस्कृतीवर व्याख्यानं ठेवायची, चित्रपट दाखवायचे आणि रोज संध्याकाळी सभागृह भरवायचं, हे सोपं काम नाही. पण कौतुकावर थांबण्यासाठी तुम्ही मला बोलावलं असेल, तर माणूस चुकीचा निवडलात. माझी तक्रार आहे, आणि ती मी तुमच्या तोंडावर करणार आहे.

कार्यक्रमपत्रिका माझ्या हातात आहे. चित्रपट कोणते? ‘शिंडलर्स लिस्ट’, ‘द पियानिस्ट’, ‘फिडलर ऑन द रूफ’. व्याख्यानं कशावर? 1492 मध्ये स्पेनमधून झालेली हकालपट्टी, वॉर्साचा घेट्टो, इस्रायलची स्थापना. व्याख्यानं सगळी इंग्रजीत. आणि कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या, म्हणजे आपल्या, वाट्याला काय आलं? मध्यंतरातलं मलिद्याचं ताट! भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, वेलची, खजूर, फळं. पाहुण्यांनी फोटो काढले, चव घेतली, वाहवा केली. एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावानं नवस फेडताना जे ताट मांडलं जातं, ज्याच्याभोवती बसून आपल्या आया-आज्यांनी मुलांच्या दुखण्यात, परीक्षेत, परदेशच्या प्रवासात देवाला हाक मारली, ते आपण खाण्याच्या स्टॉलवर मांडलं. आणि त्याचा अर्थ सांगणारं एक व्याख्यान आठवडाभरात ठेवलं नाही!

माझ्या बोलण्याचा कुणी वेडावाकडा अर्थ काढू नये. युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले, आणि ते दरवर्षी दाखवलंच पाहिजे. ते कमी करा असं म्हणणाऱ्याच्या बाजूला मी कधीही उभा राहणार नाही. ‘फिडलर ऑन द रूफ’मधला, रशियातल्या खेड्यातला तेव्ये दूधवाला आपल्या पोरांना माहीत झाला, याचा मला आनंद आहे. पण त्याच पोरांना नवगावच्या किनाऱ्यावरचं कबरस्तान माहीत नाही. आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच मूठमाती दिली, ही आपल्या घराघरातली परंपरा. ते कोणत्या शतकात आले यावर विद्वान खुशाल वाद घालोत. पण तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि त्यावरून अख्ख्या कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले लोक आपले पूर्वज होते, यात वाद नाही. पेणकर, चेऊलकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर! रायगड जिल्ह्याचा नकाशा आपल्या आडनावांतून काढता येतो. हा इतिहास पडद्यावर येण्याच्या लायकीचा नाही, असं कोणी ठरवलं?

आपण ठरवलं. म्हणून माझी पहिली तक्रार आपल्यावर आहे.

जुन्या, फाटक्या हिब्रू ग्रंथांचं आपण काय करतो, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांत देवाचं नाव असतं. ते फेकत नाहीत, जाळत नाहीत. ते जपून ठेवतात आणि कबरस्तानात पुरतात, माणसाला पुरावं तसं. योग्यच आहे. पण त्याच कपाटात, त्याच फळीवर मराठी पुस्तकं असतात. बापाच्या हातची कीर्तनाची वही असते, आज्याची वर्गणी भरून घेतलेल्या मासिकाचे अंक असतात, आतल्या पानावर मोडीत लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. घर विकायला निघालं, कुटुंब अश्दोदला किंवा लोदला जायला निघालं, की हे सगळं किलोच्या भावानं जातं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका घरात रद्दीवाल्याच्या पोत्यातून मी एक वही ओढून काढली. योसेफाचं आख्यान होतं. साक्या, दिंड्या, ओव्या, मध्येच समासात ‘इथे पेटी थांबवावी’ अशी सूचना. भावांनी योसेफाला विकलं त्या ठिकाणी शाई पसरली होती. घरच्यांना विचारलं तर म्हणाले, “मराठीच आहे हो, त्यात काय?” हिब्रूला कबर आणि मराठीला तराजू, हा न्याय आपण आपल्याच वाडवडिलांना लावतो आहोत.

‘मराठीच’ म्हणजे काय ते ऐका. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये छापला गेला. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गाद्यात चित्रं आहेत. त्यात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी तयार करताहेत. मिसरातून सुटलेल्या लोकांची गोष्ट, आणि चित्रात आपल्या पणज्या! योसेफ यहेज्केल राजपूरकर 1834 मध्ये जन्मले, 1905 मध्ये गेले. त्या आयुष्यात त्यांनी हिब्रू प्रार्थनांचं एकामागून एक मराठी भाषांतर केलं, शाळा चालवली, विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. कोकणातून आलेल्या ज्या माणसाला प्रार्थना तोंडपाठ होती पण कळत नव्हती, त्याला ती कळू लागली ती राजपूरकरांसारख्यांमुळे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये समाजाची शाळा काढली आणि 1897 मध्ये बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापून यायला 1937 साल उजाडलं, आणि तेही तेल अवीवमध्ये. 1880 च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तनं सुरू झाली. अब्राहाम, मोशे, एस्तेर यांची आख्यानं महाराष्ट्रातल्या हरिदासांच्या चालींवर उभी राहिली. पुढे हीच कीर्तनपरंपरा बायकांनी उचलून धरली. यातल्या एकाही गोष्टीवर या आठवड्यात कोणी बोललं नाही.

दुसरी तक्रार समोर बसलेल्या मराठी साहित्यिकांकडे. फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ला तुमच्या वाङ्मयेतिहासात मानाची जागा आहे, शेख महंमदाला आहे, बाबा पदमनजींना आहे, रेव्हरंड टिळकांना आहे. ती असलीच पाहिजे. मग राजपूरकर कुठं आहेत? बेने इस्राएल कीर्तनकार कुठं आहेत? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या एवढ्याशा समाजानं मराठी नियतकालिकं चालवली, ती कुठं आहेत? आमच्या कार्यक्रमाला तुम्ही येता आणि प्रत्येक वक्ता एकच वाक्य बोलतो, की या भूमीत यहुद्यांचा कधी छळ झाला नाही. वाक्य खरं आहे. कोकणातल्या शेजाऱ्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण त्या वाक्यात आम्ही पाहुणे असतो आणि तुम्ही यजमान. पाहुणा कितीही लाडका असला तरी सातबाऱ्यावर त्याचं नाव लागत नाही. आमचं नाव आम्हाला मराठीच्या सातबाऱ्यावर हवं आहे, कारण ती जमीन आम्हीही कसली आहे. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचं स्वागत. वाङ्मयाच्या इतिहासातली जागा मात्र सरकारी आदेशानं मिळत नाही. ती अभ्यासकांना द्यावी लागते.

आता एक गोष्ट बोलतो, जी बोलू नका असं मला काल दोघातिघांनी सुचवलं. आपल्या इतिहासातली भांडणं. ती व्यासपीठावर आणायला आपण घाबरतो. बगदादकडून आलेल्या, म्हणजे बगदादी, यहुद्यांनी मुंबई-पुण्यात देखणी प्रार्थनालयं बांधली. भायखळ्याचं 1861 चं, पुण्याचं लाल देऊळ. त्यांवर स्लाइड दाखवल्या गेल्या. पण याच बगदादी पुढाऱ्यांनी 1836 मध्ये मुंबईच्या सामायिक कबरस्तानात आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालायला सरकारकडे परवानगी मागितली होती, हे कोणी सांगितलं नाही. रंगूनमध्ये प्रार्थनालयाच्या कारभारात बेने इस्राएलांना हक्क नाकारले गेले, तेव्हा त्यांना कोर्टात जावं लागलं, आणि 1935 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. इस्रायलमध्ये 1962 साली मुख्य रब्बींच्या कचेरीनं फर्मान काढलं, की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पिढ्यांची चौकशी करा. आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं देऊन बसली. 1964 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं जाहीर केलं, की बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत. यहुदी इतिहासाच्या सप्ताहात हा लढा नसेल, तर तो कोणाचा इतिहास?

आणि जिथं अन्याय आपण केला तेही सांगा. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद आपण पाळला. काळ्यांशी सोयरीक केली नाही, पंक्तीत आणि प्रार्थनालयात त्यांना खालची जागा दिली. रंगूनच्या निकालाचा अभिमान ज्याला मिरवायचा असेल, त्यानं ही गोष्टही त्याच सभेत, त्याच आवाजात सांगायला हवी.

चित्रपटांबद्दल बोलतो. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. हिंदुस्थानचा पहिला बोलपट. तो जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून आला. तुमच्याआमच्यासारखा एक पेणकर! त्या चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही, म्हणून तो दाखवता येणार नाही. पण त्यावर व्याख्यान ठेवता येतं. ‘बूट पॉलिश’ तर आहे ना? त्यातले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वस्तीतल्या पोरांना भीक मागू नका, कष्ट करा असं सांगणारा तो म्हातारा अजून पाहणाऱ्याच्या घशात आवंढा आणतो. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ नावानं मूकपटाच्या राणी झाल्या आणि 1973 चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या सिनेमातल्या यहुदी कलावंतांवर ‘शलोम बॉलिवूड’ हा माहितीपट निघाला 2017 मध्ये, आणि तो काढला ऑस्ट्रेलियातल्या डॅनी बेन-मोशे यांनी. मी त्यांचा ऋणी आहे. पण मुंबई-ठाण्यातल्या आपल्यापैकी एकालाही ते सुचू नये, याचा मला राग येतो.

आयोजकांपैकी एकांनी चहाच्या वेळी मला समजावलं, की नव्या पिढीला मराठी येत नाही आणि परदेशी पाहुण्यांना इंग्रजीच लागतं. पाहुण्यांसाठी दुभाषा बसवा. मंगळवारी हिब्रू माहितीपट इंग्रजी उपशीर्षकांवर सगळ्यांनी पाहिला, तसं मराठी कीर्तनही पाहतील. आणि नव्या पिढीचं म्हणाल, तर इस्रायलमध्ये नोहा मस्सील यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं. हिब्रू रस्ते आणि हिब्रू शाळा यांच्यामध्ये राहून तिकडच्या माणसांनी मराठी टिकवायची, आणि ठाण्यात बसून आपण म्हणायचं मुलांना येत नाही? मुलांना येत नाही, कारण आपण त्यांच्यापुढे ती ठेवत नाही.

2011 च्या जनगणनेत साऱ्या भारतात पाच हजारांहूनही कमी यहुदी उरले होते. आख्यानाच्या चाली ज्यांच्या कानात आहेत अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांतली बरीच ऐंशीच्या पुढे गेली आहेत. त्यांचं ध्वनिमुद्रण या वर्षात झालं नाही, तर ते होणार नाही.

म्हणून मी अध्यक्ष या नात्यानं सांगतो. पुढच्या वर्षीची अर्धी व्याख्यानं मराठीत आणि कोकणावर असतील. एक संध्याकाळ संपूर्ण कीर्तनाची असेल. ‘बूट पॉलिश’ दाखवला जाईल. मलिद्याचं ताट स्टॉलवर नाही, मंचावर येईल आणि त्याचा विधी समजावून सांगितला जाईल. हे मान्य नसेल, तर अध्यक्ष दुसरा शोधा.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरी गेल्यावर कपाट उघडा. मराठी वही, मासिक, लग्नपत्रिका, जन्माच्या नोंदी, जुना फोटो, जे असेल ते रद्दीत घालू नका, कोणाला घालू देऊ नका. येत्या रविवारी सकाळी हे सभागृह उघडं राहील. स्कॅनर मांडलेला असेल, कागद तुमच्यासमोर उतरवून लगेच परत दिला जाईल, आणि टेबलाशी मी स्वतः बसणार आहे. घेऊन या.