लक्ष्मीबाई टिळक : भरल्या घराची आई

महाड-पोलादपूरकडच्या घराघरांतून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना, आणि भांडी घासता घासता एक कान इकडे ठेवणाऱ्यांना तर आधी नमस्कार.

आज मला एका आईबद्दल बोलायचं आहे. लक्ष्मीबाई टिळक. काहीजणींनी शाळेत त्यांचा धडा वाचला असेल. धड्यातून लक्षात राहतो तो त्यांचा विनोद. बाजारहाटाला म्हणून पैसे घेऊन गेलेला नवरा शाईची दौत घेऊन परत येतो आणि बाई कपाळाला हात लावतात. आपण हसतो आणि पान उलटतो. पण त्या हसण्याच्या मागे ही बाई काय काय सोसून उभी राहिली, ते धड्यात मावत नाही.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घरात सोवळं असं की विचारू नका. वडिलांच्या मनात विटाळाची भीतीच बसलेली. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. मोठे कवी, आणि जन्माने आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. माणूस बुद्धीचा, मनाचा उदार, पण घरात पाय न ठरणारा. आज इथे, उद्या तिथे. कधी न सांगता निघून जायचे, कधी घरातलं असेल नसेल ते कुणाला देऊन मोकळे व्हायचे. अशा माणसाचा संसार करणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना मी सांगायची गरज नाही.

मग आलं १८९५ साल. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. आज आपल्याला ही बातमी एका ओळीची वाटेल. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बायकोसाठी ती काय होती याचा विचार करा. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जाता येत नाही. गेलं तर जात गेली, माहेर गेलं, सोयरे गेले. न गेलं तर संसार गेला. पदरात दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त टिळक, चार वर्षांचं पोर. लोक कीव करतात आणि टोमणेही मारतात. चार-पाच वर्षं बाईंनी अशी नातेवाइकांच्या आधाराने काढली.

त्या परत नवऱ्याकडे गेल्या तेव्हाही ख्रिस्ती होऊन गेल्या नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नगरला गेल्या, पण आपला धर्म आपल्याजवळ ठेवला. चूल वेगळी, पाणी वेगळं. आणि टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. माणूस घरात कितीही तापट असला, तरी या बाबतीत त्याने बायकोच्या मनाला वेळ दिला.

पुढे राहुरीला असताना एकदा त्या विचार करत बसल्या. जाती केल्या कुणी? देवाने की माणसाने? देवाने केल्या असत्या तर माणसांच्या अंगावर काही खूण दिसली असती. जन्म तसाच, मरण तसंच, भूक तशीच. विचार करता करता त्यांनी ठरवलं, आजपासून कुणाच्याही हातचं खायचं आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. हे ठरलं ते बाप्तिस्म्याच्या आधी. जात पहिल्यांदा गेली, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली.

महाडच्या माणसाला पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या गावच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला, तो कागदावर राहिला, आणि २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा त्याला अर्थ आला. ती हक्काची लढाई होती, हजारो माणसांची. लक्ष्मीबाईंची गोष्ट त्याच्या शेजारी नेऊन बसवायची नाही मला. ज्यांना पाणी नाकारलं गेलं त्यांचं दुःख वेगळंच. पण ज्यांच्या घरात विटाळ पाळला जात होता, तिथली एक बाई स्वयंपाकघरात बसून, कुणी न सांगता, तेच कोडं सोडवते, हेही आपण ऐकून ठेवावं. कारण पाळणूक बहुतेक घरांत बायकांच्याच हातून चालत आलेली आहे.

आता त्यांच्या कामाकडे येते. दुष्काळाची वर्षं होती ती. मिशनकडे पोरकी मुलं येत होती आणि टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळा. मुलं आणायची टिळकांनी, जेवायला घालायचं लक्ष्मीबाईंनी. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला खरूज, कुणी रात्री आईच्या नावाने रडणारं. ताराला, म्हणजे बेबीला, तर त्यांनी मुलगीच मानलं. ज्या बाईची स्वतःची मुलं तान्हेपणी गेली होती, तिच्या घरात पुढे मुलांना तोटा राहिला नाही. पैशांचा मात्र कायम होता.

आणि मग नगरला प्लेग. या रोगावर तेव्हा औषध नव्हतं. काखेत, जांघेत गाठ आली की घरचे लोकही लांब व्हायचे, गावं रानात झोपड्या घालून राहायची. अशा वेळी लक्ष्मीबाई आजारी मुलींच्या उशाशी बसल्या. अंग पुसायचं, तोंडात पाणी घालायचं, घाण काढायची. लहानपणी जिच्या घरात सावलीचाही विटाळ मानत, ती हे करत होती. प्रार्थना तिची सोबत होती, पण प्रार्थनेच्या नावाखाली काम टाळलेलं मला त्यांच्या आठवणींत कुठे दिसत नाही.

२०२१च्या जुलैमध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या घरांत शिरलं, तळियेवर दरड आली, पोलादपूरकडेही माणसं गाडली गेली. त्या दिवसांत चिखल उपसायला, भाकऱ्या पोचवायला जी माणसं आली ती आठवा. त्यातल्या पुष्कळांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. मला लक्ष्मीबाई त्या रांगेत दिसतात. पदर खोचलेल्या, तोंडाने काहीतरी मजेदार बोलत असलेल्या.

कुणी म्हणेल, बाई म्हणजे अगदी संतच. तसं नव्हतं हो! त्या रागवायच्या, नवऱ्याशी कडाकडा भांडायच्या, भोळ्या होत्या, घाबरायच्याही. आपल्या फजितीच्या गोष्टी त्यांनी स्वतःच सांगितल्या आहेत. मोठ्या माणसांच्या आठवणी लिहिताना लोक देव्हारा करतात. या बाईंनी नवऱ्याचा देव्हारा केला नाही आणि त्याच्यावरची मायाही लपवली नाही. हे जमणं फार अवघड आहे.

आणि शिक्षण किती? शाळा नाहीच. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या धीर सुटणाऱ्या शिकवणीत. १९१९ साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं, दहा-अकरा अध्यायांपाशी ते थांबलं. पुढचे साठाहून जास्त अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. श्रद्धा म्हणतात ती ही. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं, नवऱ्याचं अर्धं राहिलेलं काम.

‘स्मृतिचित्रे’ तर आणखी उशिरा. वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी सांग म्हणून मुलाने मागे लागून लिहायला लावलं. १९३४ साली पहिला भाग आला तेव्हा बाई पासष्टी ओलांडलेल्या. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या गेल्या; शेवटचा भाग त्यांच्या मागे छापला गेला, अपुराच.

पुस्तक वाचनालयात मिळतं. संक्षिप्त आवृत्ती आहे, पण मिळाली तर पूर्ण मागा. ज्यांना वाचायला जमत नाही त्यांनी सुनेला, नातीला वाचायला बसवा. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर चार पानं वाचली तरी चालेल. भाषा घरातली आहे, अडणार नाही. दौतीची गोष्ट आली की हसा खुशाल.