गरोदरपण आणि अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी



डोकेदुखीच्या गोळीवर व्याख्यान ते कसले, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण हीच गोळी थोड्या मात्रेने, योग्य स्त्रीला आणि योग्य वेळी दिली, तर माता व बालक या दोघांवरचे संकट टळू शकते. म्हणून बीबीच्या या वसंत व्याख्यानमालेसाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला आहे.

प्रथम रोग कोणता, ते पाहू. विसाव्या आठवड्यानंतर काही गरोदर स्त्रियांचा रक्तदाब वाढतो; पुष्कळदा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बरगडीखाली दुखते. वेळीच उपाय झाला नाही तर झटके येतात. अशा वेळी बाहेरची बाधा समजून अंगारा लावण्यात जे तास जातात, तेच मोलाचे असतात. जुने वैद्यकीय ग्रंथ या रोगाला गर्भविषबाधा म्हणत. पण ते विष कधी कोणाला सापडले नाही. आज डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात.

याचे मूळ बहुधा वारेत असते. गर्भ रुजला की गर्भाशयाच्या भिंतीतील रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात; मळ्याला पाणी जास्त लागले की पाट मोठा करतात, तसेच हे. हे काम गरोदरपणाच्या पूर्वार्धातच होते. पाट अरुंद राहिला, तर वारेला रक्त अपुरे पडते आणि पुढे आईचा रक्तदाब चढतो. अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा रक्तातील बिंबिकांना एकमेकींस चिकटू देत नाही, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ त्यांना तयार करू देत नाही. अ‍ॅस्पिरिनचे हे मर्म इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1971 साली दाखविले. 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मात्र शास्त्राची वाट सरळ नव्हती. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक स्त्रियांच्या एका मोठ्या प्रयोगात रोज 60 मिलिग्रॅम देऊन फारसा लाभ दिसला नाही. 2017 साली युरोपात व इस्राएलात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात धोका अधिक असलेल्या स्त्रिया आधी निवडल्या, चौदाव्या आठवड्याच्या आत औषध सुरू केले आणि मात्रा 150 मिलिग्रॅम ठेवली. तेव्हा मुदतीपूर्वी बाळंतपण करावे लागणारा हा रोग शेकडा 4.3 वरून 1.6 वर आला.

‘हे विलायतेतले झाले, आमच्या खेड्यांचे काय?’ याचे उत्तर आपल्याच विदर्भात आहे. 2016 ते 2018 या काळात सहा देशांतील 11,976 पहिलटकरणींवर एक प्रयोग झाला. त्यात भारतातील नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रे होती. निम्म्या स्त्रियांना रोज 81 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. 2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे शेकडा 13.1 वरून 11.6 वर आली. फरक लहान दिसतो. पण तो ज्या घरात पडतो, तिथे तो लहान नसतो.

आता खरी अडचण. औषध बाराव्या आठवड्याच्या सुमारास, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू व्हावे लागते. आपल्याकडे मात्र तीन महिने भरेपर्यंत बातमी बाहेर फोडायची नाही, अशी रीत! दृष्ट लागू नये हा हेतू प्रेमाचाच आहे. पण शेजारणीपासून लपवा, आशाताईंपासून आणि डॉक्टरांपासून लपवू नका. तसेच पहिल्या बाळंतपणाला लेक सातव्या महिन्यात माहेरी येते, तेव्हा ओटीच्या सामानाबरोबर तपासणीचे कार्डही यावे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी होते; ही योजना 2016 पासूनची आहे.

ही गोळी सरसकट सर्वांनी घ्यावी असे आम्ही म्हणत नाही. मागल्या खेपेस हा त्रास झालेली, आधीपासून रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेली, जुळी असलेली स्त्री विशेष धोक्यात असते. पहिलटकरीण असून आईला किंवा बहिणीला हा त्रास झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. उलट पोटात व्रण, रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा अ‍ॅस्पिरिनचे वावडे असेल, तर ही गोळी घातक ठरू शकते. म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणू नये, आणि डॉक्टरांनी दिलेली आपल्या मनाने सोडूही नये. ती घेतली म्हणून रक्तदाब मोजणे थांबवून चालत नाही.

भगिनींनो, सुनेला दिवस गेले की आपण तिचे डोहाळे पुरवतो. त्याबरोबर तिचा रक्तदाब दर खेपेस मोजला गेला का, एवढा एकच प्रश्न घरोघरच्या सासूबाईंनी आणि सासऱ्यांनीही विचारला, तर आमच्या बोलण्याचे सार्थक झाले.