घरच्या संगणकाला पहारेकरी किती?

शाळेचा पट असो, ग्रामपंचायतीची घरपट्टी असो की कचेरीचे वेतनपत्रक असो, ही कामे पुष्कळदा घरच्या संगणकावर पुरी करावी लागतात. त्यामुळे त्या यंत्रात आपल्या बँक खात्याबरोबरच विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनी क्रमांक आणि ग्रामस्थांच्या नोंदीही साठतात. ही दुसऱ्यांची ठेव होय. तिच्या रक्षणासंबंधी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

स्पायवेअर म्हणजे संगणकात गुपचूप शिरून तेथील माहिती बाहेर पाठविणारी आज्ञावली. फुकटचे खेळ, सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती आणि अनोळखी ई-मेलसोबतची जोडपत्रे या तिच्या नेहमीच्या वाटा. आपण टंकलेले पासवर्ड टिपून घेणे हे तिचे काम. यंत्र बंद पडत नाही, म्हणून संशयही येत नाही.

अशा हेरांना हुडकणारी एकाहून अधिक सॉफ्टवेअरे ठेवावीत काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. २००० नंतरच्या काही वर्षांत अ‍ॅड-अवेअर आणि स्पायबॉट ही दोन्ही ठेवावीत, असा सल्ला जाणकार देत असत. त्यात तथ्य होते. एकाच्या यादीत नसलेला हेर दुसऱ्याच्या यादीत सापडत असे. पुढे परिस्थिती पालटली. मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये जायंट या कंपनीचे हेरप्रतिबंधक सॉफ्टवेअर विकत घेतले. त्यातून विंडोज डिफेंडर तयार झाले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते विषाणू व हेर या दोहोंचा बंदोबस्त करू लागले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. काही सॉफ्टवेअरे अखंड पहारा करतात, तर काही आपण सांगू तेव्हाच तपासणी करतात. अखंड पहारा करणारी दोन सॉफ्टवेअरे एकत्र आली की प्रत्येक फाईल उघडताना दोघेही ती अडवितात. यंत्र मंदावते. प्रसंगी एकाने अलग ठेवलेली दूषित फाईल दुसरा पुन्हा पकडतो आणि खोटी धोक्याची सूचना देतो. म्हणूनच दुसरा अँटीव्हायरस बसविला की डिफेंडर सामान्यतः आपला पहारा आपणहून थांबविते.

पंचायतीच्या सदस्यांना हे समजावयास कठीण नाही. रोजकीर्द एकानेच लिहावी. दोघे एकाच वेळी लिहू लागले तर घोटाळा होतो. परंतु लेखापरीक्षक मात्र बाहेरचाच हवा. त्याचप्रमाणे कायमचा पहारेकरी एकच असावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीपुरता दुसरा बोलवावा. मालवेअरबाइट्सची विनामूल्य आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर या कामी येते. हे स्कॅनर दहा दिवसच चालते; नंतर नवे उतरवून घ्यावे लागते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेही २०१७ पासून सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

दुसरा तपासनीस निवडताना मात्र सावध राहावे. 'तुमच्या संगणकात विषाणू सापडले' अशी पाटी पडद्यावर झळकवून पैसे उकळणारी रक्षक सॉफ्टवेअरे स्वतःच भामटी असतात. अशा एका धंद्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले, असे कमिशनचे म्हणणे होते. सबब, सॉफ्टवेअर मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

जुनी कार्यप्रणाली हेही उघडे दार होय. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचे संगणक त्यावर चालतात, त्यांनी पुढील व्यवस्था विनाविलंब करावी. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नये. आर्थिक फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे.

मित्रहो, गावाने विश्वासाने सोपविलेले दप्तर आपण कुलपात ठेवतो. तेच दप्तर आता संगणकात आहे. तेथेही एक जागता पहारेकरी, अधूनमधून येणारा एक परीक्षक आणि आपली स्वतःची दक्षता एवढी व्यवस्था आपण केली, तर त्या विश्वासाला आपण पात्र ठरू.