हिरवळीचे मूळ मातीत

(भाषणाचा मजकूर)



शाळेपुढे वा ग्रामपंचायत कार्यालयापुढे मोठ्या हौसेने हिरवळ लावली जाते. पावसाळ्यात ती डोळे निववते. उन्हाळ्याची चाहूल लागताच जागोजागी पिवळी पडू लागते. मग कोणी पाण्याचा नळ अधिक वेळ सोडतो, कोणी युरियाच्या मुठी फेकतो. गवताखालच्या मातीची विचारपूस मात्र सहसा होत नाही.

माती हे केवळ निर्जीव द्रव्य नव्हे. खनिज कण, सेंद्रिय पदार्थ, पाणी, हवा आणि असंख्य सूक्ष्मजीव यांचा तो संसार आहे. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. दख्खनच्या पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकण कण भिजले की फुगतात व सुकले की आक्रसतात. पायांच्या वर्दळीने ती घट्ट झाली की पाणी वरच साचते आणि मुळे गुदमरतात. अशा ठिकाणी आणखी पाणी देणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे होय.

पिवळेपणाची कारणेही वेगवेगळी असतात. जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची उणीव संभवते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडल्यास बहुधा लोहाची उणीव असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. कोकणातील जांभी माती याउलट आम्लधर्मी असते. तिला चुना हितकर ठरू शकतो. तोच चुना चुनखडीच्या जमिनीस अपायकारक होतो. म्हणूनच एका गावचा उपाय दुसऱ्या गावी डोळे मिटून योजू नये.

यावर मार्ग एकच, तो म्हणजे माती परीक्षण. मृद आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. शेतकऱ्यांसाठी असलेल्या या पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश यांसह १२ घटकांची नोंद असते. हिरवळीच्या मातीलाही हाच न्याय लावावा. नमुना घेताना आठ-दहा ठिकाणची सुमारे १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि भिंतीलगतची जागा टाळावी. सर्व माती सावलीत वाळवून एकत्र मिसळावी व अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.

अहवाल येईपर्यंतही काही करता येते. घट्ट झालेल्या जागी लोखंडी सळईने छिद्रे पाडून चाळलेले, चांगले कुजलेले शेणखत पसरावे. रोजच्या शिडकाव्यापेक्षा माती तपासून, गरजेपुरते पण खोलवर पाणी द्यावे. नैसर्गिकरीत्या आढळणारी काटक हरळी लावावी.

ज्या गावात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तेथे हिरवळीवर वाया गेलेली प्रत्येक बादली जड असते. शिक्षकांनी हा नमुना विद्यार्थ्यांच्या हातून घेतल्यास तीच मुले उद्या घरच्या शेताची मातीही तपासून घेण्याचा आग्रह धरतील. शाळेपुढच्या चार गुंठ्यांतील हा धडा असा गावाच्या शिवारापर्यंत पोहोचावा, यातच त्या हिरवळीचे सार्थक आहे.