छंदापलीकडची खरेदी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी कार्यकारिणीने मला पाचारण केले, याबद्दल प्रथम मी तिचे आभार मानतो. अशा मंगल प्रसंगी संतवाङ्मयावर, मराठ्यांच्या इतिहासावर किंवा बृहन्महाराष्ट्राच्या भवितव्यावर बोलण्याचा प्रघात आहे. ते विषय मोठे आहेत आणि माझ्याहून अधिकारी वक्ते त्यांवर बोलणार आहेत. मी एक लहानसा, घरगुती विषय निवडला आहे. छंदी माणसे एकत्र जमली की छंदाशी काडीचाही संबंध नसलेली आपली नवी खरेदी आणि नव्या भेटवस्तू एकमेकांना का सांगत बसतात, आणि घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातून काय लाभते, याचा थोडा विचार आज करू.

आपल्या छंद-विभागाची बैठक महिन्यातून एकदा भरते, हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. त्या बैठकीला तिकिटे व नाणी जमविणारे येतात, पहाटे रवींद्र सरोवराच्या काठाने दुर्बीण घेऊन हिंडणारे पक्षिनिरीक्षक येतात, आणि घराच्या गच्चीवर तारा ताणून जगाशी बोलणारे एकदोन हौशी रेडिओचालकही येतात. नियोजित विषय संपतो, चहा येतो आणि मग कोणीतरी विचारते, "या महिन्यात घरात नवे काय आले?" अट एकच असते. वस्तू छंदाची असता कामा नये. मग नाणेसंग्राहक घरगुती पिठाच्या गिरणीविषयी बोलतात. तिकिटे जमविणाऱ्या एक बाई भावाने दिलेल्या इरकली साडीचा काठ वर्णन करतात. रेडिओवाले गृहस्थ मुलीने घेऊन दिलेले श्रवणयंत्र कानातून काढून सर्वांना दाखवितात, आणि जगभरचे आवाज पकडणाऱ्या माणसाला आता शेजारचा आवाज पकडण्यासाठी यंत्र लागते, असे स्वतःच म्हणून हसतात.

बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. ज्या कामासाठी जमलो ते सोडून गिरणीच्या गप्पा कशाला? परंतु या गप्पांना फार प्रतिष्ठित आधार आहे. हौशी रेडिओचेच उदाहरण घ्या. भारतातील पहिले परवानाधारक हौशी रेडिओचालक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते अमरेंद्रचंद्र गुप्त हे बंगाली गृहस्थ. त्यांना १९२१ साली परवाना मिळाला. या छंदावर जगभर कडक निर्बंध आहेत. हौशी माणसाने रेडिओवरून व्यापार करावयाचा नाही, मोबदला घ्यावयाचा नाही. निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांनी आपसांत काय बोलावे, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांत सांगितले आहे. यंत्राविषयी व प्रयोगांविषयी बोलण्यास मुभा आहेच. तिच्या जोडीला वैयक्तिक स्वरूपाच्या बोलण्यासही मुभा आहे. अनेक दशके त्या नियमात एक गमतीची पुस्ती होती. हे वैयक्तिक बोलणे इतके क्षुल्लक असावे, की त्यासाठी सार्वजनिक तारयंत्राचा वा दूरध्वनीचा खर्च करणे योग्य ठरू नये! २००३ साली नियमांची फेररचना झाली, तेव्हा ही पुस्ती गळाली. वैयक्तिक बोलण्याची मुभा मात्र राहिली. नियम करणाऱ्यांचा हेतू तारखात्याचे उत्पन्न सांभाळण्याचा असेल; पण त्यामुळे जगाच्या कायद्यात क्षुल्लक गोष्टींसाठी एक राखीव जागा निर्माण झाली. माणसे केवळ यंत्राविषयी बोलत राहणार नाहीत, हे नियम करणाऱ्यांनीही गृहीत धरले होते.

दुसरे उदाहरण डॉ. सलीम अली यांचे. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या पक्षितज्ज्ञाचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याने पक्षिनिरीक्षकांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. या माणसाची छंदापलीकडची आवड कोणती होती? मोटारसायकली! तरुणपणी ब्रह्मदेशात असताना जडलेले हे वेड पुढे अनेक वर्षे टिकले आणि निरनिराळ्या बनावटींच्या कितीतरी गाड्या त्यांच्याकडे येऊन गेल्या. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षिविज्ञान परिषद भरली, तेव्हा त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल मुंबईहून बोटीवर चढविली आणि युरोपातील रस्त्यांवरून ते तिच्यावरून हिंडले. वाटेत पडझड झाली, थोडे खरचटले, तरीही ते परिषदेला वेळेवर पोहोचले. आणि हे गृहस्थ थेट हिंदुस्थानातून गाडी हाकीत आले, अशी वदंता तेथे पसरली. त्या वेळी त्यांच्या वयाला त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती. ही हकीकत वाचली की सलीम अली आपल्याला जवळचे वाटू लागतात. ग्रंथांतून त्यांची विद्वत्ता कळते. मोटारसायकलीमुळे त्यांचा स्वभाव कळतो.

छंद म्हणजे माणसाच्या घराचा दिवाणखाना. पाहुण्याला आपण प्रथम तेथे बसवितो. छंदापलीकडची खरेदी सांगणे म्हणजे त्याला माजघरात नेणे. माजघरात गेल्यावर घरात किती माणसे आहेत, कोण आजारी आहे, कोणाचे शिक्षण चालू आहे, हे न विचारता कळते.

आपल्या घरी, म्हणजे पुण्या-नाशकाकडे, कोकणात, विदर्भात वा मराठवाड्यात, नवी वस्तू कधी एकटी घरात येत नसे. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा मुहूर्त साधून ती यावयाची. पाडव्याला घेतलेल्या भांड्यावर नाव घालून आणावयाचे. दसऱ्याला घेतलेल्या गाडीला झेंडूची माळ घालून शेजारीपाजारी पेढे वाटावयाचे. नव्या लुगड्याची घडी स्वतः न मोडता आधी नणंदेला किंवा जावेला नेसावयास द्यावयाचे, ही चाल तर आपल्यातील किती भगिनींनी आपल्या आईच्या घरी पाहिली असेल! नव्या वस्त्राचा पहिला मान दुसऱ्याला देण्यात केवढे शहाणपण आहे! वस्तूबरोबर येणारा हेवा त्या एका कृतीने निम्मा विरघळतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण लुटण्याची पद्धतही अशीच. वाटी असो, कंगवा असो वा चाळणी असो, श्रीमंताघरच्या सवाष्णीला आणि गरिबाघरच्या सवाष्णीला वाण एकच मिळते.

आपण घर सोडून हुगळीच्या काठी आलो, तेव्हा भांडीकुंडी बरोबर आणली. परंतु घडी मोडावयास लागणारी नणंद आणि पेढे घ्यावयास लागणारा शेजार तिकडेच राहिला. हल्ली वस्तू घेणे अतिशय सोपे झाले आहे. खोके दारात येते, दार बंद होते आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही. वस्तू घरात येते, पण तिचे स्वागत होत नाही. मूळ उणीव पैशाची नसून पाहणाऱ्याची आहे, हे परगावी राहणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा अनुभवलेले असते.

आपण ज्या भूमीत राहतो, तिने या बाबतीत आपल्याला पुष्कळ शिकविले आहे. दुर्गापूजेच्या आधी येथे जो 'पूजोर बाजार' भरतो, त्याची गर्दी आपण गरियाहाटला दरवर्षी पाहतो. त्या खरेदीत स्वतःपुरते घेण्याला गौण स्थान असते. काका, मावशी, भाचरे, घरी कामाला येणारी बाई, अशी यादी करून बंगाली गृहिणी बाहेर पडते, आणि पूजेला किती नवे कपडे झाले, असा प्रश्न मुले एकमेकांना बिनदिक्कत विचारतात. आपल्या भाऊबीजेच्या दिवशीच येथे भाईफोटा असतो. तेथेही बहीणभावांत भेटींची देवाणघेवाण होते. छंद-विभागातील आपली चहानंतरची फेरी मला या दोन्ही परंपरांची धाकटी बहीण वाटते.

आता भेटवस्तूंविषयी थोडेसे. छंदी माणसाची एक अडचण असते. त्याला छंद आहे हे एकदा जगाला कळले, की सारे जग त्याला त्याच छंदाच्या वस्तू देऊ लागते. तिकिटे जमविणाऱ्याला वाढदिवसाला तिकिटांचा संग्रह मिळतो. पक्षिनिरीक्षकाला घुबडाचे चित्र असलेला पेला मिळतो, आणि असे पाच पेले घरात आधीपासूनच असतात. देणाऱ्याचे प्रेम खरे असते, यात शंका नाही. परंतु अशा माणसाला कोणी एखाद्या थंडीत लोकरीचा गळपट्टा विणून दिला, तर तो गहिवरतो. देणाऱ्याने छंदामागचा माणूस पाहिलेला असतो. या माणसालाही थंडी वाजते, हे कोणाच्या तरी ध्यानी आलेले असते. म्हणूनच आमच्या फेरीत भेटवस्तू सांगताना देणाऱ्याचे नाव आधी सांगावे, असा शिरस्ता पडला आहे.

या गप्पांतून काय निष्पन्न होते, याचा एक दाखला देतो. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांच्या पत्नी निवर्तल्या. पुढे दोनतीन महिन्यांनी ते पुन्हा बैठकीला येऊ लागले. आपल्या नाण्यांविषयी ते पूर्वीप्रमाणेच तपशिलाने बोलत, त्यामुळे त्यांचे बरे चालले आहे असे सर्वांना वाटले. एके दिवशी फेरीत त्यांची पाळी आली. ते म्हणाले, "मी दीड लिटरचा कुकर घेतला. पाच लिटरच्यात एका माणसाचा भात नीट होत नाही." त्यांनी तक्रारीचा सूर लावला नव्हता, इतरांनी आपापल्या वस्तू सांगितल्या तशीच त्यांनी ही सांगितली. खोलीत क्षणभर शांतता पसरली. त्यांना उपदेश किंवा सांत्वन कोणी केले नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र निरनिराळ्या घरांतून त्यांच्याकडे डबे जाऊ लागले, आणि रविवारी कोणाच्या तरी पंगतीला त्यांचे पान मांडले जाऊ लागले. "आपले कसे चालले आहे?" असा प्रश्न त्यांना कितीदा तरी विचारून झाला होता आणि "उत्तम" असे उत्तर मिळालेही होते. कुकरने खरे उत्तर दिले.

या प्रथेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. खरेदी सांगण्यातून संपत्तीचे प्रदर्शन होणार नाही काय? ज्याचा पगार बेताचा आहे, ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याने त्या फेरीत काय सांगावे? हा धोका खराच आहे. म्हणूनच आम्ही आणखी दोन पथ्ये पाळतो. किंमत विचारावयाची नाही व सांगावयाची नाही, हे पहिले. दुरुस्त करून घेतलेली जुनी वस्तू नव्याच्या बरोबरीने सांगता येते, हे दुसरे. कल्हई लावून घेतलेले आजीचे पातेले, नवे पाते बसविलेली विळी, तळवा बदललेली चप्पल, या वस्तूंना फेरीत मोठा मान मिळतो. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नसेल, त्याने "या महिन्यात काही नाही" असे म्हणावे आणि पुढच्याने बोलावे. त्यात कोणाला कमीपणा वाटू नये, ही जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे. ती पाळली गेली नाही, तर ही फेरी बंद करणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी एका थोर छंदी पुरुषाचे स्मरण करतो. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, चष्म्यांचे दुकान चालविणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर देशभर हिंडून वस्तू जमविल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. पुढे तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे काय आहे? अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, फण्या, कुलपे, स्वयंपाकघरातील भांडी. अडकित्ता विकत घेताना त्या गृहस्थाला आपण संग्रहालयासाठी काही घेत आहोत, असे वाटले असेल काय? त्याला सुपारी कातरावयाची होती. एका पिढीची साधी घरगुती खरेदी दुसऱ्या पिढीच्या छंदाचा विषय होते, आणि तिसऱ्या पिढीला तीच इतिहास म्हणून पाहावयास मिळते. मात्र त्या अडकित्त्याने कोणासाठी सुपारी कातरली गेली, हे कोठे लिहून ठेवलेले नसेल, तर काचेच्या पेटीतही ते सापडत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक विनंती आहे. मंडळाने एक वही घालावी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील एका वस्तूविषयी तीत दहा ओळी लिहाव्यात. वस्तू कोणती, कोणी घेतली वा कोणी दिली, कोणत्या गावाहून कशी आणली, आणि ती घरात आली तेव्हा पाहावयास कोण कोण होते. किंमत लिहू नये. पुढे शताब्दी साजरी करणाऱ्यांना आपल्या ठरावांपेक्षा त्या वहीतून आपण अधिक कळू, असा मला भरवसा आहे.