मोटेपासून पाणबुडी पंपापर्यंत



येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी मोट हाकलेली असेल. नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्द आता तरुणांना समजावून सांगावे लागतात. पण मोटेचा एक गुण आपण विसरतो. विहीर खोल असली तर नाडा लांब करावा, धाव वाढवावी, की काम भागे. पंपाचे तसे नाही.

पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि पाण्याला नळीतून वर ढकलते ती विहिरीवरची हवा! हवेची ही ताकद समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर पाण्याला पुरते; जुन्नरच्या उंचीवर त्याहून कमी, आणि व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे भरवसा धरू नये. ही मर्यादा गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात नोंदली. तिचे कारण मात्र त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने उलगडले.

मग कारागिरांनी सुधारले काय? पंख्याची पाती. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात अ‍ॅपोल्डच्या पंपाची परीक्षा झाली. सरळ पात्यांनी दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम २४ टक्के कामी आणली, वक्र पात्यांनी ६८ टक्के. केवळ एका बाकाचा हा फरक! आपल्याकडे लोखंडी नांगरासाठी नावाजलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला.

तथापि हवेचा नियम कायमच राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरले की विहिरीच्या पोटात ओटा बांधून पंप खाली न्यायचा, आणि पहिल्या मोठ्या पावसात रात्री कंदील घेऊन तो वर काढायचा. ही धावपळ ज्यांनी केली त्यांनाच तिची चव ठाऊक.

पाणबुडी पंपाने युक्ती उलटी केली. मोटरसकट तो पाण्यातच उतरला. तो पाणी खालून ढकलतो, त्यामुळे ओढण्याचा प्रश्नच उरला नाही. बोअर अरुंद म्हणून पंखे लहान. एकट्याचा जोर थोडा, म्हणून एकावर एक रचलेले. जितके पंखे अधिक तितकी उंची अधिक.

जुना पंप पाणी फार खाली गेले की आपण होऊन हवा धरी आणि थांबे. रात्रभर विहिरीला झरे भरायला उसंत मिळे. पाणबुडी शंभर मीटरांवरूनही उपसतो, त्याला तशी अडवणूक नाही. शेजारच्या विहिरीचे पाणी खाली जाते ते त्याला कळत नाही. बोअर आटल्यावरही तो चालू राहिला, तर मात्र त्याची बेअरिंगे जळतात; कारण त्यांचे वंगणही पाणीच असते.