देवळाच्या भिंतीवरचे चित्र
(कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीत, बारनिशीला. कागद आला की नोंदवायचा आणि पुढे पाठवायचा, एवढेच मला कळते. तरीही समितीने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, म्हणून आपल्याच कोकणपट्टीतल्या एका थोर कलावंताची हकिकत सांगतो. तिची सुरुवात देवळाच्या भिंतीपासून होते, म्हणून ती आजच्या प्रसंगाला शोभेल असे वाटते.

अलिबाग तालुक्यात समुद्रकाठी सासवणे नावाचे गाव आहे. आपल्या केळशीसारखेच माडापोफळींचे. तेथे २ ऑक्टोबर १८९१ रोजी विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. लहानपणापासून हाताला चित्रांचा आणि मातीचा नाद. त्यांनी गावातील देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवछत्रपतींचे चित्र काढले. त्या वेळी कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड म्हणून इंग्रज साहेब होते. त्यांच्या नजरेस ते चित्र पडले. त्यांनी चित्र काढणाऱ्याची चौकशी केली आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्यासाठी त्याला साहाय्य केले.

मंडळी, मी कचेरीतला माणूस. साहेबांची फिरती म्हणजे काय असते ते मला ठाऊक आहे. दप्तर तपासायचे, अर्ज घ्यायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. अशा घाईत एका खेडवळ पोराचे चित्र पाहून साहेब थांबले, ही मला त्या चित्राइतकीच मोठी गोष्ट वाटते.

पुढे करमरकरांनी जे. जे.मध्ये मेयो पदक मिळवले. रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कलकत्त्यास शिल्पशाळा थाटली. १९२० साली ते विलायतेला जाऊन अधिक शिकून आले. पुण्याच्या शिवस्मारकाची पायाभरणी १९२१ साली झाली होती. त्यासाठी झटणारे छत्रपती शाहू महाराज १९२२ साली निवर्तले आणि राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत काम तडीस गेले. अश्वारूढ शिवछत्रपतींचा तो ब्राँझचा भव्य पुतळा करमरकरांनी घडवला. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. देवळाच्या भिंतीवर जो घोडा रेखला, तोच पुढे धातूत उभा राहिला, असेच म्हणावे लागेल. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९६७ साली ते कैलासवासी झाले.

सासवण्यास त्यांच्या घरीच आता शिल्पसंग्रहालय आहे. मी गेलो होतो. राजे-पुढारी आहेतच, पण कानाशी शंख धरलेली कोळीणही आहे आणि म्हैसही. ती म्हैस पाहून माझ्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या गोठ्यातली!" यापेक्षा मोठा अभिप्राय तो काय असणार?

आता एक कबुली देतो. जीर्णोद्धाराचे काम चालू असताना मागच्या भिंतीला नुकता पांढरा हात दिला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कोणा पोराने कोळशाने चैत्रातला रथ काढलेला. दोर ओढणारी माणसे, वर निशाण, सगळे जागच्या जागी. मी देखरेखीला होतो. पोराला चारचौघांत बोललो आणि गवंड्याकडून भिंतीवर पुन्हा हात फिरवून घेतला. पोर मान खाली घालून गेले. त्यानंतर महिन्याभराने मी सासवणे पाहिले. परत येताना गाडीत मला झोप आली नाही. साहेबाने चित्र काढणारा शोधला होता. मला चित्र काढणारा समोर सापडला होता, आणि मी चित्र पुसले.

देऊळ स्वच्छ राहिले पाहिजे, यात वाद नाही. समितीचे म्हणणे रास्तच आहे. उद्या प्रत्येकाने नाव कोरायचे म्हटले तर कसे चालेल? म्हणून माझी विनंती इतकीच, की धर्मशाळेच्या पडवीची एक भिंत पोरांसाठी मोकळी ठेवावी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना गावातून जी मुले बसतील, त्यांच्या रंगांचा खर्च उत्सवाच्या शिलकेतून व्हावा. शिल्लक नसेल तर पहिल्या वर्षाचा मी करीन. आणि ते पोर आज सभेत बसले असेल, तर या काकाला त्याने क्षमा करावी आणि रथ पुन्हा काढावा.

देवीच्या कृपेने देऊळ उभे राहिले. आता त्यात खेळणारी पोरेही उभी राहोत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.